न उगवणारं बी

ताईच्या नाल्यावर बाहेरच्या भांगेचं बी मी टाकलं. मुद्दाम नाही, पण टाकलं मीच. ते उगवल्यावर त्याचा आळ दुसऱ्याच माणसावर आला. त्या वेळी मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगता सांगता मी स्वतःला थोडं थोडं माफ करत जाईन अशी मला भीती वाटते. माझा स्वभावच तसा आहे. दूध उतू गेलं तरी दोन दिवस माझं तोंड उतरलेलं असतं, पण ज्याची माफी मागायची त्याच्यासमोर उभं राहायची वेळ आली की मला नेमकं दुसरं काम आठवतं. बायको म्हणते, "तुमचं वाईट वाटणं म्हणजे नुसतं वाटणं. पुढं काही नाय."

चितेगावच्या कंपनीतली नोकरी सोडून मी सिडकोत लाकडी घाणा टाकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. करडई, शेंगदाणा, तीळ, जवस. मी तेल काढतो आणि बायको चटण्या करते. तिच्या जवसाच्या आणि कारळाच्या चटणीसाठी लोक गारखेड्याहून येतात. तेलाचं गिऱ्हाईक त्या चटण्यांच्या मागून येतं, हे मी तिच्यापुढं कबूल करत नाही.

एकदा आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक उत्तराखंडात फिरून आलं आणि येताना भांगेच्या भाजलेल्या बियांची पिशवी घेऊन आलं. तिकडं पहाडात या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते म्हणे. बायकोनं दोन दाणे तोंडात टाकले, जरा वेळ चावले आणि म्हणाली, "जवसाची मावसबहीण दिसतीय." मग लसूण, जिरं, लाल मिरची घालून तिनं चटणी कुटली. ती सगळ्यांना आवडली. बीत नशा नसते आणि खाण्यासाठी ते विकायला कायद्याची आडकाठी नाही, एवढी चौकशी करून आम्ही बरणी दुकानात ठेवली. लोक चिठ्ठी वाचायचे, हसायचे, "काय हो, होळी लवकर आली का यंदा?" म्हणायचे आणि पाव किलो घेऊन जायचे.

करडईचं तेल न्यायला एक मॅडम येतात. शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांनी एक दिवस काउंटरवरच्या परातीतला दाणा उचलला आणि नखानं दाबून बघितला.

"हे उगवतं का?"

"खायला आणलंय मॅडम. उगवायचं कशाला बघू?"

"उगवत असेल तर विकू नका," त्या म्हणाल्या.

मला ते लागलं. मी विचारलं, एवढं काय त्यात? तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. भांगेत नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. नराचे परागकण वाऱ्यावर फार लांब जातात. आपल्याकडच्या डोंगरात कुठं कुठं जुनी, आपोआप वाढणारी भांग अजून आहे. ती इथल्या उन्हाला, इथल्या मातीला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेली आहे. तिच्या आसपास बाहेरचं बी उगवलं आणि त्याचे परागकण तिच्यावर पडले, की पुढची पिढी ती राहत नाही.

"तुमच्याकडं मका लावतात ना? शेजारच्या रानात पिवळा असला की आपल्या पांढऱ्या कणसात पिवळे दाणे येतात. तसंच. फरक एवढाच की मक्याचं बी दुकानात परत मिळतं. हे एकदा गेलं की गेलं."

मला लगेच ताईचा नाला आठवला. माझी थोरली बहीण कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडच्या एका गावात दिलेली आहे. दाजी गेल्यापासून शेत तीच बघते. तिच्या शेताच्या कडेनं नाला जातो आणि त्याच्या काठाला भांगेची झुडपं आहेत. कुणी लावलेली नाहीत, कुणी राखत नाही. म्हशीला हगवण लागली की ताई त्याचा मूठभर पाला गुळाबरोबर चारते, एवढाच त्यांचा आणि तिचा संबंध. मी हे फुशारकीनं मॅडमना सांगितलं आणि पुढच्याच रविवारी त्यांना तिथं घेऊनही गेलो.

कमरेएवढी, दाट, काळपट हिरवी झुडपं. देठांवर जांभळी झाक. हात लावला की उग्र वास बोटांना दिवसभर राहतो. मॅडम त्या चिखलात इतका वेळ बसून राहिल्या की ताईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तब्येत बरी हाय ना त्यांची?" निघताना मॅडम म्हणाल्या की असा न मिसळलेला ताटवा त्यांनी या भागात दुसरा पाहिलेला नाही. मग मला म्हणाल्या, "मेलेलं बी घ्या. वाफवलेलं, भाजलेलं, कसंही, पण मेलेलं. आणि दर पोत्यातलं मूठभर ओल्या गोणपाटात ठेवून बघा." मी शब्द दिला. अगदी छातीवर हात ठेवून दिला.

मेलेलं बी शोधणं म्हणजे काय असतं ते मोंढ्याच्या धान्यबाजारात गेल्यावर कळलं. आपल्याकडं सगळा व्यवहार उगवणाऱ्या बियांचा. सोयाबीनचं बी घेताना शेतकरी दुकानदाराच्या नरडीवर बसतो, उगवण किती सांग म्हणून. आणि मी विचारत होतो की नाही उगवणारं आहे का? एका व्यापाऱ्यानं गल्ल्यावरून मान वर केली. "सेठ, लोगां जिंदा माल मांगते, तुम मुर्दा मांग रहे?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "अहो, उगवणशक्ती सगळे विचारतात, तुम्ही मरणशक्ती विचारताय. ती आमच्या पावतीवर नसते." शेवटी एक जण भेटला. तो बाहेरून वाफवलेला माल मागवायचा. त्याच्याकडून घेऊ लागलो.

पोतं आलं की मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून मी मोरीच्या कोपऱ्यात ठेवायचो. लहानपणी वडील पेरणीआधी असंच करायचे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गोणपाट उलगडून मोड मोजायचे. तेव्हा मोड दिसले की घरात सगळ्यांचे चेहरे फुलायचे. आता मी गोणपाट उलगडायचो आणि सगळे दाणे नुसते फुगून, बुळबुळीत होऊन पडलेले दिसले की मला हायसं वाटायचं. बायको म्हणायची, "जगात तुम्हीच एक, पेरणी बुडाली म्हणून खूश होणारे."

पहिली काही पोती अशीच चांगली, म्हणजे मेलेली निघाली. मग लग्नसराई आली. मागणी इतकी की घाणा थांबायला तयार नाही. व्यापाऱ्याचा नेहमीचा माल संपला होता. त्यानं दुसरीकडून पोतं आणलं आणि म्हणाला, "वहीच है." त्या पोत्याचा दाणा थोडा उजळ होता. माझ्या ते लक्षात आलं होतं, तेच मला छळतं. लक्षात आलं आणि मी पोतं उघडलं.

"भिजवलं का मूठभर?" बायकोनं आतून विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

झालं नव्हतं.

तरीही काही बिघडलं नसतं. बी भाजून चटणीत जाणार होतं. बिघडलं ते आमच्या एका रीतीमुळं. आमच्या वडिलांचा दंडक होता की सांडलेलं धान्य उकिरड्यावर जाता कामा नये. बारदान झटकून पडलेलं, चाळणीखाली राहिलेलं, झाडून निघालेलं, सगळं पाखरांना. शहरात गच्चीवर टाकलं की शेजारी कबुतरांच्या नावानं भांडतात. म्हणून मी ती सगळी झाडलोट एका पिशवीत साठवतो आणि ताईकडं जाताना म्हशीच्या पेंडीबरोबर घेऊन जातो. तिथं नाल्याकाठी, विहिरीपाशी आणि वरच्या अंगाच्या खडकावर मुठी मुठी टाकतो. साळुंक्या, होले, चिमण्या येतात. मला ते बघायला फार आवडतं. त्या वैशाखातही मी ते केलं. पिशवीत करडई होती, तीळ होते आणि भांगेचं ते उजळ बीही होतं. टाकताना मनात हाच विचार होता की आज काहीतरी पुण्याचं काम झालं.

भाद्रपदात ताईचा फोन आला.

"तुझ्या त्या मॅडमला घेऊन ये. नाल्याला कायतरी इपरीतच उगवलंय. आपल्यासारखंच पान हाय, पर मानसापरीस उंच. शेजारचा म्हंतो गांजा हाय. पोलीस आलं तर मला धरत्याल का रं?"

मी फोन ठेवला तेव्हाच मला कळलं होतं. तरीही वाटेत मॅडमशी मी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिलो.

पोचलो तेव्हा ताई बांधावर एका मेंढपाळाशी भांडत होती. गावात त्याला सगळे मामा म्हणतात. दर वैशाखात आणि मका निघाल्यावर तो ताईच्या रानात मेंढरं बसवतो. मेंढरं काही रात्री रानात बसली की लेंड्यांचं खत मिळतं आणि त्याच्या बदल्यात ताई त्याला धान्य देते. पावसाळ्यात तो नाल्यापलीकडच्या गायरानात चारतो. माणूस बोलका, बढाईखोर. नाल्यावरची भांग एका बैराग्यानं चिलीम झाडली म्हणून उगवली, असं त्यानं मॅडमना पहिल्याच भेटीत ठासून सांगितलं होतं.

"वैशाखात तुझीच मेंढरं व्हती माझ्या रानात," ताई म्हणत होती. "त्यांच्या लेंड्यातनं आलं आसंल, नायतर तूच टाकलं आसशील. तुझी चिलीम साऱ्या गावाला ठावं हाय."

"चिलमीत तमाखू आस्तीय, आक्का! आन् गांजाच लावायचा आसता तर तुझ्या नाल्याला, सगळ्यांच्या डोळ्यांम्होरं लावला आसता व्हय? मला काय जेलात जेवाय जायचंय?"

शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बाया हसल्या. ताई हसली नाही. तिच्या आवाजात भीती होती आणि घाबरली की ती अशीच धारदार होते.

"यंदा मका निघाल्यावर मेंढरं घेऊन येऊ नगंस. मी दुसऱ्याची बघीन."

बायांचं हसू थांबलं. मामाचा चेहरा एकदम उतरला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"पाव्हणं, तुमी शिकलेलं मानूस. तुमीच सांगा, मेंढराच्या पोटातनं आसलं झाड निघतंय का?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू. मॅडम सांगतील."

मॅडम म्हणाल्या की लोकरीला चिकटून बी येऊ शकतं, नाहीच असं सांगता येत नाही, पण आत्ता तो प्रश्न नाही. त्या सरळ झाडांकडं गेल्या. फिकट हिरवी, तागासारखी सरळसोट वाढलेली. त्यांनी एकाच्या शेंड्याकडचे घोस हळूच खाली ओढून बघितले. बारीक बारीक कळ्या लोंबत होत्या.

"नर आहेत. अजून मिटलेले आहेत. दोन-चार दिवसांत उमलले असते."

आम्ही ती सगळी मुळासकट उपटून पोत्यांत कोंबली आणि शेणखताच्या खड्ड्यात गाडून टाकली. मॅडमनी तालुक्याच्या पोलिसांना फोन करून असं असं उगवलं होतं, काढून टाकलं, हे कळवून ठेवलं. ताईला एवढा धीर आला की तिनं चहात दुप्पट साखर घातली. मामा तोवर निघून गेला होता. पलीकडच्या उतारावरून त्याची मेंढरं जाताना दिसत होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

परतताना मॅडम खूश होत्या. "किती वेळेवर कळलं! एवढीच होती म्हणून बरं." मी गाडी चालवत होतो. वेरूळ मागं पडलं, खुलताबादचा घाट सुरू झाला. माझ्या डोळ्यांसमोर विहीर होती आणि वरच्या अंगाचा तो खडक होता. तिथं कुणीच बघितलं नव्हतं. मेंढरं विहिरीकडं जात नाहीत आणि खडकावर चढत नाहीत. मग तिथं कुणी कशाला बघेल? मी गप्प राहिलो तर माझं नाव कधीच निघणार नव्हतं आणि दोन-चार दिवसांत त्या कळ्या उमलणार होत्या.

घाटातल्या एका वळणावर मी गाडी कडेला घेतली.

"मॅडम, ते मेंढरांनी आणलेलं नाही. मी टाकलंय."

मी सगळं सांगितलं. पोत्याचं, बायकोला म्हटलेल्या त्या 'झालं'चं, पाखरांचं. मला वाटलं आता मला ऐकून घ्यावं लागणार. ऐकून घ्यायची माझी तयारी होती, किंबहुना मला ते हवंच होतं.

"कुठं कुठं टाकलं?"

"नाल्याला. विहिरीपाशी. आणि वरच्या खडकावर."

"वरच्या म्हणजे ताटव्याच्या वरच्या अंगाला?"

"हो."

"गाडी वळवा," त्या म्हणाल्या. मी गाडी पुन्हा कन्नडच्या रस्त्याला लावली.

आम्हाला परत आलेलं बघून ताई गोठ्यातून बाहेर आली. तिच्या हातात वैरणीची पेंढी होती. मी तिला सांगितलं. तिनं पेंढी खाली टाकली.

"तू? आरं, मग मघाशी तोंडात काय बोळा कोंबला व्हता का? मी त्या मानसाला नाय नाय ते बोलले!"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. विळा घेतला आणि पुढं झाली.

विहिरीपाशी घाणेरीच्या जाळीत तीन-चार झाडं लपून वाढली होती. तीही मिटलेलीच. पण खडकाच्या आडोशाला एक होतं, त्याचे खालचे घोस उमलायला लागले होते. मॅडमनी आम्हाला लांबच थांबवलं. पोतं विहिरीत बुचकळून आणायला लावलं आणि ते ओलं पोतं त्या झाडावर अलगद पांघरून, वरून आणखी पाणी ओतून मगच ते कापलं. पाण्यानं परागकण मरतात, असं त्या म्हणाल्या. सकाळपासून भुरभुर पाऊस होता, वारा नव्हता, हे आमचं नशीब. मग त्या खाली ताटव्यात गेल्या आणि एकेका झुडपाचा शेंडा बघत सुटल्या. मी आणि ताई काठावर उभे होतो. तो वेळ मला फार मोठा वाटला. कसलाच हिशेब मनात येत नव्हता, फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि ती कधी सरळ होते याची मी वाट बघत होतो.

त्या उठल्या. चिखलानं माखलेल्या हाताच्या पाठीनं त्यांनी कपाळावरचे केस मागं सारले आणि पहिल्यांदा हसल्या.

"यांना अजून मादीची फुलंच आलेली नाहीत. एकीलाही नाही."

"म्हंजे अजून पोरीच हायेत," ताई म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो. मी तिथंच खाली बसलो. चिखल आहे हे बसल्यावर कळलं. इतकं हलकं मला वडिलांचं ऑपरेशन नीट झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर आत्ताच.

पुढच्या पावसाळ्यात मॅडम महिन्यातून एकदा तिथं जात राहिल्या. नवी रोपं तशीच बुटकी, काळपट, तशीच उग्र वासाची निघाली. उंच, फिकट असं एकही दिसलं नाही. आमच्याकडचं बी आता मोंढ्यातून दुकानात येतच नाही. पोतं आधी जुन्या शहरातल्या भडभुंज्याच्या भट्टीवर जातं, तिथं बी तापल्या वाळूत भाजलं जातं आणि मग घरी येतं. भडभुंजा पहिल्यांदा माझ्याकडं संशयानं बघत होता, आता स्वतःच चटणी मागतो. एवढं करून मी मूठभर बी ओल्या गोणपाटात ठेवतोच. बायको विचारत नाही. ती स्वतः उलगडून बघते. माझ्या शब्दावर ती आता विसंबत नाही आणि त्याबद्दल मला तक्रार करायला जागा नाही.

हे सगळं पुढं निस्तरलं, पण त्या भाद्रपदात मामाचं राहिलं होतं. मी ताईला म्हणालो, "तू सांग ना त्याला. म्हणावं, चुकून झालं. मेंढरं आण."

"मी माझं सांगितलं," ती म्हणाली. "वस्तीवर जाऊन हात जोडून आले. तो म्हनला, आक्का, तू भ्याली व्हतीस, तुझा राग नाय. पर मेंढरं आनायचं नाव काढंना. तुझं तू बघ."

मी बघितलं, पण माझ्या पद्धतीनं. म्हणजे आधी दिवाळी होऊ दिली. मग एका बाजाराच्या दिवशी कन्नडला गेलो. मेंढ्या-बकऱ्यांच्या बाजारात तो एका बोकडाचे दात दाखवून गिऱ्हाइकाला पटवत होता. मी त्याला बाजूला घेतलं, हॉटेलात नेलं, चहा सांगितला आणि खालच्या आवाजात सगळं कबूल केलं. त्यानं बशीत ओतून चहा शांतपणे संपवला. मिशी पुसली.

"पाव्हणं, आळ कुटं आला माझ्यावर?"

"बांधावर."

"कुनापुढं?"

"बायांपुढं. तिथं होत्या त्या सगळ्यांपुढं."

"मग च्या बाजारात कशाला पाजता?" तो उठला. "माझी सून त्याच बायांत खुरपाय जाते. तिला अजून इचारत्यात, सासऱ्याचा गांजा कसा हाय म्हनून. मका निघंल तवा मला बोलवा. तिथं बोला."

मला राग आला, हे खरं सांगतो. मनात म्हटलं, एवढा लांब आलो, सगळं कबूल केलं, आणखी काय पाहिजे याला? तो राग घर येईपर्यंत टिकला. दार उघडून बायकोला सांगायला लागलो आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की तो म्हणतोय त्यात चुकीचं काहीच नाही. बायको पोळ्या लाटत होती. "जा की मग," एवढंच म्हणाली.

मका निघाला त्या दिवशी ताईच्या रानात मळणीयंत्र लागलं होतं. त्याच बाया कणसं टाकत होत्या, भुसा उडत होता, दाण्यांचा ढीग वाढत होता. मामा आला. मेंढरं त्यानं पलीकडच्या पडीकात थांबवली होती, अजून रानात घातली नव्हती. एकटाच चालत आला आणि बांधावर उभा राहिला. मी त्याच्यासमोर गेलो. यंत्र धडधडत होतं. मी बोललो. त्यानं कानाला हात लावला.

"आं? काय म्हंता?"

मी पुन्हा बोललो. त्यानं मान हलवली. "आयकू नाय येत!"

एक बाई ओरडली, "पाव्हणं, मोठ्यानं बोला, लाजता कशाला!" तिच्या शेजारची, मामाची सून, कणीस हातात धरून तशीच थांबली होती. तेवढ्यात ताईनं ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि यंत्र बंद झालं. एकदम सगळीकडं शांत झालं. नुसता भुसा खाली बसत होता आणि सगळे माझ्याकडं बघत होते. आता पळायला दुसरं कुठलंच काम उरलेलं नाही, हे बरंच वाटलं.

"नाल्याला ती उंच झाडं उगवली, ती मामांच्या मेंढरांमुळं नाही आणि मामांमुळंही नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "ते बी माझ्या दुकानातलं होतं. उगवतं का ते मी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही, आणि पाखरांना म्हणून माझ्या हातानं इथं टाकलं. इथंच मामांवर आळ आला, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. मामा, चूक माझी होती आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. तुमच्या घरच्यांनीही खाल्ली. मला माफ करा."